अण्णांची मोजणी

मी वॉर्डात पोहोचले तेव्हा अण्णा पांघरुणाचा काठ चिमटीत धरून मोजत होते. बत्तीस, तेहतीस, चौतीस. मध्येच अडखळायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे. मनगटांना बँडेजच्या पट्ट्या बांधून त्या कॉटच्या दांडीला अडकवल्या होत्या, कारण रात्री त्यांनी सलाईनची सुई दोनदा उपसून काढली होती. मुलगा पुण्याहून आलेला, डोळे तांबारलेले. म्हणाला, "सिस्टर, अण्णा मला ओळखत नाहीत. म्हणतात, माल जुळल्याशिवाय गेट उघडणार नाही."

अण्णांचं वय ८१. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. १९२८ पासून नोटा छापणाऱ्या त्या प्रेसमध्ये कोऱ्या कागदापासून छापलेल्या शीटपर्यंत सगळ्याचा हिशोब लागावा लागतो, आणि अण्णांचं उभं आयुष्य त्या हिशोबात गेलेलं. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या रात्रीपासून मात्र त्यांना आपण कुठे आहोत तेच कळेना.

डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. हे वेड नाही आणि हा नेहमीचा विसराळूपणाही नाही. विसराळूपणा हळूहळू येतो. हा एका रात्रीत येतो, दुपारी जरा ओसरतो, दिवेलागणीला पुन्हा वाढतो. वय झालेल्या माणसाला ऑपरेशननंतर तो होण्याची भीती बरीच असते. वेदना, जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, पोट साफ न होणं, लघवीची नळी, अपुरी झोप, काही औषधं, अशी अनेक कारणं एकावर एक चढतात. अण्णांचं सोडियम उतरलं होतं, ते डॉक्टरांनी सावरलं. नळीही काढली होती. पण रात्रभर दिवे, शेजारच्या मॉनिटरचा आवाज, दर पाळीला नवा चेहरा, यावर वॉर्डात उपाय नव्हता. डॉक्टर स्वतःच म्हणाले, "जखम छान आहे. आता यांना घरी न्या."

मुलाच्या मनात एखादं केअर सेंटर होतं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आई ७६ वर्षांची, तिचे गुडघे दुखतात, तो पुण्यात, बहीण इंदिरानगरला आणि तिची नोकरी. काळजी खरी होती. माई, म्हणजे मुलाची आई, एवढंच म्हणाल्या, "त्यांना घर ओळखता येईल."

मी मुलाला सांगितलं, घरी न्यायचं तर तयारी आजच करायची. आईच्या जिवावर माणूस घरी आणून टाकायचं नाही. घरातल्या शुश्रूषेचे गोडवे गाणाऱ्या बऱ्याच जणांचं हे सांगायचं राहून जातं.

जेलरोडला त्यांचं बैठं घर. संध्याकाळी आम्ही पुढच्या खोलीतली सतरंजी आणि पायपुसणी उचलली, कारण घसरायला तेवढं पुरतं. रुग्णसाहित्य केंद्रातून अनामत भरून वॉकर, उंच कमोड खुर्ची आणि एअर मॅट्रेस आणली. खुब्याचं असं ऑपरेशन झालं की उकिडवं बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं बंद, नाहीतर सांधा निसटू शकतो. म्हणून भारतीय संडास बाद आणि बुटका दिवाणही बाद. बाथरूमच्या दारात रात्रीचा दिवा लावला. पोटात द्यायच्या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनच्या वेळा भिंतीवर चिकटवल्या. दिवसा बारा तास एक ताई आणि काही रात्रींसाठी एक मुलगा ठरवला. झोपेची गोळी चिठ्ठीत होती, तिच्याबद्दल मी डॉक्टरांना फोन केला. अशा गोळीने गोंधळ वाढू शकतो, म्हणून त्यांनी ती काढली.

जानेवारीतली नाशिकची थंडी. दुसऱ्या दिवशी अँब्युलन्समधून उतरवताना अण्णा कुडकुडत होते आणि आम्हाला हटकत होते, "पास दाखवा." आत आणून निजवलं, दोन पायांमध्ये उशी दिली. मी माईंना विचारलं, "यांचं कानाचं मशीन कुठे आहे?" हॉस्पिटलात हरवेल म्हणून त्यांनी ते पर्समधल्या स्टीलच्या डबीत जपून ठेवलं होतं. चष्माही तिथेच, दातांची कवळीही. म्हणजे इतके दिवस त्या माणसाला धड ऐकू येत नव्हतं, धड दिसत नव्हतं आणि बोललेलं कुणाला कळत नव्हतं. हे वॉर्डावॉर्डांतून होतं, मी वर्षानुवर्षं पाहिलंय, आणि दर वेळी जीव तुटतो.

मशीन लावलं, चष्मा चढवला. समोर त्यांचंच घड्याळ, त्यांचीच खिडकी. माई म्हणाल्या, "अहो, घरी आलात." अण्णा बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे पाच मिनिटं पुढे आहे." ते खरंच पुढे होतं.

दिवेलागणीला मात्र मोजणी पुन्हा सुरू झाली. चादरीचा काठ, बोटं, तोच आकडा, तेच अडखळणं. मुलगा समजावू लागला, "अण्णा, तुम्ही रिटायर झालात." अण्णा संतापले. मी त्याला खुणेने थांबवलं. अशा वेळी वाद घातला की घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. मी काही बोलायच्या आत माई उठल्या, दुधाच्या हिशोबाची वही आणि पेन घेऊन शेजारी बसल्या आणि त्यांच्याबरोबर मोजायला लागल्या. जिथे ते अडखळत, तिथे पुढचा आकडा त्या सांगत. शंभर झाले. "जुळलं," माई म्हणाल्या, "सही करा." अण्णांनी वहीत सही केली. अक्षर थरथरतं होतं, पण सही पुरी होती. पेनाला टोपण लावून ते म्हणाले, "चला, सुटलो." थोड्या वेळाने त्यांना झोप लागली, औषधाशिवाय, पहाटेपर्यंत.

मोजणी सहीने संपते, हे मला कसं कळणार होतं? डॉक्टरांनाही नाही. ते माईंना ठाऊक होतं, आणि वॉर्डात माईंना फक्त भेटीच्या वेळेत आत सोडत.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. काही संध्याकाळी गोंधळ व्हायचा, हळूहळू तो विरळ होत गेला. टाके निघाले. फिजिओथेरपिस्ट येऊन व्यायाम घ्यायचे. मला सर्वांत मोलाचं वाटलं ते चालणं. वॉर्डात ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवले जात आणि दोन पावलांत थकत. घरी सकाळी फाटकात पेपर पडायचा. तो दुसऱ्या कुणी आधी उघडलेला अण्णांना कधीच खपला नव्हता. त्या पेपरसाठी ते वॉकर घेऊन ओट्यापर्यंत गेले, मग फाटकापर्यंत. ताई मागे हात तयार ठेवून उभी असायची, धरायची मात्र नाही. आंघोळ आधी की चहा आधी, हेही तेच ठरवायला लागले.

घर प्रत्येक वेळी पुरतं असं मी म्हणणार नाही. धाप लागली, छातीत दुखलं, पोटरी एकाएकी सुजली, ताप चढला, ऑपरेशनचा पाय आखूड दिसला, तर तडक हॉस्पिटल. हे त्या घरातही भिंतीवर लिहून ठेवलं होतं. आणि पैशाचं ओझं खरं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षं आणि त्यावरील सर्वांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दाखल झालेल्या रुग्णासाठी. घरी बारा तास उभ्या राहणाऱ्या ताईचा पगार त्यातून निघत नाही. तो निघायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

परवा मुलीने विचारलं, "अण्णा आता चालतात, तर ताईंना बंद करायचं का?" मी म्हटलं, रात्रीचा मुलगा बंद करा, दिवसाची ताई अजून राहू दे. ती अण्णांइतकीच माईंसाठी आहे. माईंचा रक्तदाब दोनदा वाढलेला लागलाय आणि गुडघ्याचा एक्स-रे अण्णा पडले तेव्हापासून राहून गेलाय. येत्या शनिवारी तुम्हाला सुट्टी आहे, तर आधी तो काढून घ्या.