स्लोवर जास्त पेट्रोल ओढणारं आउटबोर्ड: मिक्स्चर स्क्रूला हात शेवटी

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत पडून राहिलेली आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं ऑगस्टमध्ये पुन्हा पाण्यात उतरतात, तेव्हा गोव्यात शापोऱ्यापासून बेतूलपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते. इंजिन फुल्ल रेसवर मस्त पळतं, पण स्लोवर ठेवलं की दाट धूर, पाण्यावर तेलाचा तवंग आणि पाच-दहा मिनिटांनी बंद. थ्रॉटल दिला तर आधी घुसमटतं, मग एकदम मोकळं होतं. लगेच कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन मिक्स्चर स्क्रू, म्हणजे कार्ब्युरेटरवरचा पेट्रोल-हवेचं प्रमाण जुळवणारा स्क्रू, फिरवायला बसतो. हे मला अजिबात पटत नाही. स्क्रू आपोआप फिरत नाही. काल नीट चालणारं इंजिन आज रिच झालं, म्हणजे मिक्स्चरमध्ये हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं, तर कुठून तरी जादा पेट्रोल येतंय किंवा कुठेतरी हवा अडलीय. ते आधी शोधा. (इथलं सगळं टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरच्या पेट्रोल इंजिनांबद्दल आहे.)

आधी मिक्स्चर खरंच रिच आहे का, ते बघा. निळसर धूर म्हणजे बहुतेक वेळा ऑइल जास्त. ५०:१ प्रमाण असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल पुरतं, आणि तेही आउटबोर्डसाठीचं टीसी-डब्ल्यू३. अंदाजाने बाटली ओतली तर कार्ब्युरेटरचा काही दोष नसताना प्लग काळे होतात. ठिणगी कमजोर असेल तरीही प्लग ओलाच निघतो. म्हणून नवा प्लग लावून एकदा चालवून बघा, मगच पुढे जा.

कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी बाहेरच्या गोष्टी तपासा. चोक पूर्ण उघडतोय का? खाऱ्या हवेने त्याची केबल किंवा पत्ती अर्ध्यात अडकते. सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद ठेवून टाकी उन्हात राहिली, तर आत दाब वाढतो आणि इंजिन जोडल्यावर तो दाब पेट्रोलला फ्लोटच्या नीडलपलीकडे (कार्ब्युरेटरमधला तरंगता फ्लोट ज्या सुईने पेट्रोल अडवतो, तिच्या पलीकडे) ढकलतो. थर्मोस्टॅट मीठ साचून उघडाच राहिला असेल किंवा कोणी काढूनच टाकला असेल, तर इंजिन स्लोवर कधी नीट तापत नाही. थंड इंजिनात पेट्रोलचे थेंब पूर्ण जळत नाहीत. नेरूलच्या कोको बीचवरून डॉल्फिन दाखवायला जाणाऱ्या बोटींना हे जास्त जाचतं, कारण त्या बराच वेळ स्लोवरच असतात.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे फ्युएल पंप. टू-स्ट्रोकमध्ये तो क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या बंद भागाच्या) दाबावर चालतो. त्याच्या डायफ्रॅमला, म्हणजे आतल्या पातळ पडद्याला, बारीक चीर गेली की पेट्रोल कार्ब्युरेटर टाळून त्याच वाटेने थेट क्रँककेसमध्ये शिरतं. मग स्क्रू कितीही फिरवा, फरक शून्य. दोन किंवा तीन सिलिंडरच्या इंजिनात एकच प्लग ओला निघत असेल, आणि पंपाला दाब देणारा सिलिंडर तोच असेल, तर संशय पक्का. पंप उघडून डायफ्रॅम उजेडासमोर धरा. ताठ झालेला किंवा सुरकुतलेला दिसला तरी बदला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते मानवत नाही.

आता कार्ब्युरेटर. स्लोवर बटरफ्लाय (थ्रॉटलची गोल झडप) जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे इंजिनाला पेट्रोल फक्त स्लो सर्किटच्या बारीक भोकांतून मिळतं. म्हणून मेन जेट (जास्त रेसवर पेट्रोल देणारं भोक) बदलून इथे काही हाती लागत नाही. उलट नीडलमधून होणारी थोडीशी गळती फुल्ल रेसवर पचते, पण स्लोवर इंजिनाला बुडवते. तपासणी सोपी आहे: इंजिन बंद, सेफ्टी क्लिप काढलेली, आसपास बिडी-सिगारेट नाही. एअर सायलेन्सर काढा, पेट्रोलच्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी बल्ब घट्ट होईपर्यंत दाबा आणि थोडा वेळ थांबा. कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल ठिबकलं, तर नीडल बसत नाही किंवा फ्लोट वर आहे. नीडलच्या टोकावर गोल चर पडलेला असेल तर नीडल आणि सीट दोन्ही बदला. फ्लोटची उंची कार्ब्युरेटर उलटा धरून, मॅन्युअलमधल्या मापाने. फ्लोट हलवून आत पेट्रोल शिरलंय का तेही बघा.

आता हवेची वाट. स्लो जेट तुंबला तर मिक्स्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. हवेचं भोक तुंबलं तर रिच. हे नीट लक्षात ठेवा, कारण साफसफाई करताना सगळे जेटच्या मागे लागतात आणि हवेचं भोक तसंच राहतं. पावसाळ्यात तिथे मीठ, पितळेवरचा हिरवा गंज, कधी कधी कुंभारमाशीची मातीही सापडते. रबरी भाग काढून क्लीनर मारा, मग दाबाची हवा. भोकात लोखंडी तार घालू नका, तंगूसाचा बारीक तुकडा पुरतो.

एवढं झाल्यावर स्क्रू. आधी तो हलक्या हाताने आत बसवून किती आटे होते ते मोजून लिहून ठेवा. जोर दिला तर टोक चेपतं. मग मॅन्युअलमधल्या आट्यांवर आणा. स्क्रू बटरफ्लायच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर लीन होतं. हवेच्या तोंडाकडे असेल तर उलट. अंतिम जुळवणी बोट धक्क्याला पक्की बांधून, इंजिन दहा मिनिटं तापवून, गिअरमध्ये टाकूनच करा. पाण्याच्या ड्रमात किंवा न्यूट्रलमध्ये साधलेला स्लो पाण्यात टिकत नाही. एका वेळी आट्याचा आठवा भाग लीन करा आणि पंधरा सेकंद थांबा. कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज आला की जास्त लीन झालं. तिथून आठवा भाग परत रिचकडे या आणि तिथेच सोडा. टू-स्ट्रोकला बेअरिंगचं ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं, त्यामुळे अगदी काठावर लीन ठेवणं इंजिनाच्या जिवावर बेतू शकतं. दोन-तीन कार्ब्युरेटर असतील तर प्रत्येक स्क्रू वेगळा साधा, आणि शेवटी दहा मिनिटं स्लोवर चालवून सगळे प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. एखादा अजूनही ओला असेल तर त्याच सिलिंडरचा फ्लोट पुन्हा तपासा.