दोन चौकटींच्या मधली जागा

कॉमिक्स म्हणजे नुसती चित्रं बघायची, त्यात वाचायचं काय, हे मला अजिबात पटत नाही. एका चौकटीत उगारलेली बॅट, पुढच्या चौकटीत फुटलेली काच, आणि बॉल उडाल्याचा क्षण कुठेच काढलेला नाही, तो आपणच मधल्या कोऱ्या पट्टीत घडवतो, इतक्या झटकन की कळतही नाही! पळणाऱ्यामागच्या रेघा, विचारांचा ढगासारखा फुगा, हे सगळं वाचून वाचून अंगवळणी पडतं. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, तर उजवीकडून डावीकडे वाचायचे, डोळ्यांना नवीनच सवय लावावी लागते. कॉमिक्स आपण कसं समजून घेतो यावर संशोधन करणाऱ्या नील कोन यांच्या टीमने २०१२ मध्ये छापलेल्या अभ्यासात वाचणाऱ्यांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या होत्या, त्यात चौकटींचा मेळ तुटला की एन४०० नावाची लहर वाढलेली दिसली, जी विसंगत शब्द आल्यावरही वाढते. मला तर हे भारीच वाटलं.