टेप बोलायला लागली एकदाची!

आज अख्खा दिवस ब्रिटनमधल्या एका जुन्या पंक कॉन्सर्टच्या कॅसेटपायी गेला आणि जाम भारी वाटतंय. कुणा फॅनने गर्दीत उभं राहून छोट्या रेकॉर्डरवर केलेलं रेकॉर्डिंग, आतला प्रेशर पॅड, म्हणजे टेपला प्लेअरच्या हेडवर (आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारा छोटा तुकडा, निसटलेला, म्हणून स्क्रू काढून टेप अलगद दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवली तेव्हा कुठे ती हेडला नीट टेकायला लागली. तरी आवाज घोंगडी पांघरल्यासारखा. मग अ‍ॅझिमथ, म्हणजे हेडचा कोन, बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर केसभर फिरवत बसलो आणि एका जागी झांजा खाडकन मोकळ्या झाल्या. अंगावर काटा आला राव!

मग स्पीडची भानगड. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंमी पळायला हवी, पण रेकॉर्ड करताना बॅटरी उतरली की टेप हळू चालते आणि नंतर ऐकताना गाणी चढ्या पट्टीत पळतात. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची घरघर तिथल्या विजेच्या 50 हर्ट्झला जुळेपर्यंत स्पीड कमी-जास्त करत गेलो, गिटार आपोआप सुरात आली.

नॉइज रिडक्शन मात्र अगदी जपून. खरखर काढायच्या नादात लोक झांजाच खरवडून टाकतात, मला ते अजिबात पटत नाही. गाण्यांमधला आरडाओरडा सगळा ठेवलाय. फुगाझी या अमेरिकन पंक बँडने स्वतःच्या 800 च्या वर शोजची रेकॉर्डिंग्ज जपली आणि 2011 पासून लोकांना खुली केली, पण बहुतेक बँडकडे असं काही नसतंच, फॅनच्या टेपाच उरतात. म्हणून मूळ ट्रान्सफर, म्हणजे टेपवरून घेतलेली डिजिटल फाइल, 24 बिटमध्ये जशीच्या तशी वेगळी ठेवलीये, साफसफाई फक्त कॉपीवर. बी साइड उद्या घेतो.