मोरपंखी की विटकरी? वाचनखोलीची नोंद, दिवस दहावा

या खेपेला अजून भिंतीला ब्रश लावलेला नाही, आणि तो मुद्दामच. मागच्या वेळी थेट भिंतीवर चौकोन रंगवले, तर भोवतालच्या जुन्या पिवळट रंगामुळे दोन्ही शेड भलत्याच दिसत होत्या. म्हणून या वेळी दोन-दोन फुटी फळ्या घेतल्या, प्रायमर मारून प्रत्येक शेडचे दोन हात दिले आणि कडेने चार बोटं पांढरं सोडलं.

फळ्या शेजारी-शेजारी ठेवायच्या नाहीत, हा नियम आता पक्का. जवळ आणल्या की मोरपंखी जास्तच निळी होते आणि विटकरी भडकते. मिशेल-यूजीन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये पुस्तक लिहून हा परिणाम सविस्तर मांडला होता. शिवाय ओल्या रंगावरून मत बनवू नका. इमल्शनमधलं बाइंडर, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट घटक, ओलं असताना दुधट असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं, त्यामुळे गडद शेड वाळली की आणखी गडद होते.

काल तिन्हीसांजेला दिवा न लावता बसून राहिले. उजेड ओसरला तशी विटकरी आधी काळवंडली, तपकिरी झाली, मग नुसती सावली उरली. मोरपंखी मात्र बराच वेळ तेवत होती. अंधुक उजेडात डोळ्याला लाल छटा आधी दिसेनाशा होतात, निळ्या-हिरव्या टिकतात. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. वाचून माहीत होतं, पण स्वतःच्या खोलीत घडताना पाहिलं आणि अंगावर काटा आला.

मग २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब लावला आणि सगळं उलटलं. विटकरी उजळली, मोरपंखीतलं निळेपण जाऊन शेवाळी काळपटपणा आला. ४००० केल्विनचा, जास्त पांढऱ्या उजेडाचा, लावून पाहिला, तेव्हा निळी झाक परतली.

तरी कौल मोरपंखीलाच. विटकरीच्या दोन फळ्या काटकोनात धरून कोपरा केला, तर एकीचा रंग दुसरीवर पडून कोपऱ्यात जणू निखारा पेटला. मांडीवरच्या पुस्तकाचं पानही गुलाबी दिसू लागलं. चारही बाजूंनी असा रंग असेल, तर मला तिथे तासभर वाचवणार नाही.

मोरपंखी खिडकीसमोरच्या एकाच भिंतीला, बाकी तीन मळकट पांढऱ्या, आणि बल्ब ४००० केल्विनचा. विटकरी पुस्तकांच्या कपाटात आतून, पाठीच्या फळीला. शनिवारी पुट्टी घासायला घेते.