पेन्सिल दारातच ठेवायची

आमच्या शाळेच्या कार्डमेळाव्यात सुबक चित्रं काढणाऱ्यांची फारशी चलती नसे. वर्ष संपत आलं की शेवटच्या वर्गाला निरोप द्यायला बाकी सगळ्या शाळेने हाताने शुभेच्छापत्रं करायची, असा तो मेळावा. चित्रकलेच्या बाई दारात खोकं घेऊन उभ्या राहायच्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाची पेन्सिल अन् खोडरबर त्यात जमा करून घ्यायच्या. कुणीतरी दप्तरातून दुसरी पेन्सिल लपवून न्यायचंच. बाईंना ते कळायचं, पण त्या बघितल्यासारखं करायच्या नाहीत. आत शिरल्यावर त्या पेन्सिलीचा उपयोगच नसायचा.

सभागृहात जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली, बाकं जोडून मोठी टेबलं केलेली आणि प्रत्येक टेबलावर वेगळा उद्योग. शिपाईमामा बादल्या भरून ठेवायचे आणि 'हात धुवायची बादली वेगळी, रंगाची वेगळी' असं दर थोड्या वेळाने ओरडायचे. ही ताकीद किती शास्त्रशुद्ध होती ते पुढे कळलं.

लहान वर्गांची पहिली धाव थ्रेड पेंटिंगकडे. शाईत बुडवलेला दोरा दुमडलेल्या कागदात वेडावाकडा ठेवायचा, टोक बाहेर काढायचं, वरून तळहाताने दाबून धरायचं आणि दोरा सर्रकन ओढायचा. घडी उघडली की आत कमळ, शिंपला नाहीतर न ओळखता येणारा प्राणी. पलीकडच्या टेबलावर दोरासुद्धा नाही, नुसता शाईचा थेंब टाकून घडी. एकोणिसाव्या शतकात युस्टिनुस केर्नर नावाचा एक जर्मन डॉक्टर-कवी होऊन गेला. दृष्टी मंदावली तसे त्याच्या हातून कागदावर शाईचे थेंब सांडू लागले. ते फेकून न देता तो कागद दुमडायचा, निघालेल्या आकारांना चेहरे द्यायचा आणि त्यांच्यावर कविता करायचा. त्याच्या मृत्यूनंतर, १८९० मध्ये, ही डागचित्रं छापली गेली. १९२१ मध्ये हेरमान रोर्शाख या स्विस मनोविकारतज्ज्ञाने अशाच आकारांच्या दहा पाट्या मानसिक चाचणीसाठी वापरल्या. आमच्याकडे एकाच डागात कुणाला वटवाघूळ दिसायचं, कुणाला मुख्याध्यापक. चाचणीची वेगळी गरज नव्हती.

पण खरी गर्दी मार्बलिंगच्या ट्रेपाशी. पसरट ट्रेमध्ये पाणी, त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तैलरंगाचे थेंब. तेलाचं नि पाण्याचं जमत नाही, म्हणून रंग वरच्यावर तरंगतो, पसरतो. काडीने हलकेच फिरवलं की नागमोडी रेघा उठतात. मग कागद दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून, आधी मधला भाग टेकवून, हळूहळू दोन्ही बाजू सोडायच्या. घाई केली की खाली हवा अडकते आणि नक्षीच्या ऐन मध्यावर पांढरं भोक राहतं. दोन कागदांच्या मध्ये वर्तमानपत्राची पट्टी पाण्यावरून ओढून जुना रंग काढून घ्यायचा. हे काम कुणालाच नको असायचं, आणि ते टाळलं की पुढची सगळी कार्डं करडी निघायची.

या ट्रेच्या पाठीमागे केवढं जग उभं आहे! जपानमध्ये साध्या पाण्यावर काळी शाई तरंगवून केलेले कागद बाराव्या शतकातले आहेत. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी मार्बलिंगच्या नक्षीतून घोडे आणि माणसं घडवली, तीही अशी की शरीर सगळं लाटांचं आणि भोवतालची जागा कोरी. तुर्कस्तानात ही कला एब्रू म्हणून ओळखली जाते. तिथे पाणी डिंकासारख्या पदार्थाने दाट करतात, रंग नीट पसरावा म्हणून त्यात बैलाचं पित्त घालतात. २०१४ मध्ये युनेस्कोने एब्रूला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आमच्या ट्रेला वारसा नव्हता, पण रांग दाराबाहेर जायची.

शिपाईमामांची ताकीद याच ट्रेपाशी खरी ठरायची. साबणाचे हात न पुसता कुणी बोट बुडवलं की तरंगणारा सगळा रंग भेदरल्यासारखा कडेला पळे आणि मध्ये स्वच्छ पाणी उरे. साबणाने पाण्याचा पृष्ठताण तेवढ्या जागी कमी होतो आणि भोवतालचं जास्त ताणाचं पाणी वरचा थर आपल्याकडे खेचून घेतं. कार्लो मॅरांगोनी या इटालियन अभ्यासकाने १८६५ मध्ये या ओढीचा अभ्यास मांडला, म्हणून तिला त्याचं नाव आहे. वरच्या वर्गातल्या मुली तर मुद्दाम काडीच्या टोकाला साबणाचा कण लावून रंगात खिडक्या पाडायच्या. मामांचा आवाज त्या दिवशी बसायचा.

मिठाच्या टेबलावर मात्र शांतता. ओल्या जलरंगावर जाडं मीठ भुरभुरवलं की प्रत्येक खडा भोवतालचं पाणी शोषतो, रंग आपल्याकडे ओढतो आणि बर्फाच्या फुलासारखा फिकट ठसा उमटतो. सगळी मेख वेळेत. पाणी साचलेलं असेल तर मीठ विरघळून जातं, कागद सुकला असेल तर नुसतं पडून राहतं. कागद डोळ्यांच्या रेषेत तिरपा धरायचा. पाण्याची चकाकी जाऊन ओलसर झाक उरली की तोच क्षण. जी मुलं वर्गात क्षणभर स्वस्थ बसत नसत, ती इथे श्वास रोखून कागदाकडे बघत राहायची. मीठ झटकायचं ते कागद पूर्ण वाळल्यावरच, आणि एवढा धीर मात्र फार थोड्यांना होता.

टूथब्रशने केलेलं स्प्रे वर्क मला कधीच फार आवडलं नाही. कागदावर पान ठेवून भोवती शिंतोडे, पान उचललं की पांढरी आकृती. छान दिसतं, पण काय निघणार ते आधीच ठाऊक असतं. अंगठा स्वतःकडे ओढला की शिंतोडे समोर जातात, उलट ओढला की सगळा रंग सदऱ्यावर. मेळाव्यानंतर घरोघरी जी बोलणी बसायची ती बहुतेक याच टेबलामुळे.

मेणबत्तीचा गंमतखेळ वेगळा. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने निरोप लिहायचा आणि कार्ड तसंच कोरं द्यायचं. मिळालेल्याने घरी जाऊन पातळ रंगाचा हात फिरवला की मेण पाणी धरत नाही आणि अक्षरं उघडी पडतात. तोंडावर बोलता न येणारं बरंच काही या कार्डांतून गेलं असणार. बाई ती तपासत नसत.

विज्ञानाचे सरही स्वतःचा टिपकागद घेऊन यायचे. त्यावर काळ्या स्केचपेनचा ठिपका, मध्यावर पाण्याचा थेंब, आणि काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा असा एकेक रंग पुढेमागे सरकत वर्तुळं व्हायची. फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८५५ मध्ये टिपकागदावर रसायनं सोडून झालेल्या अशा वर्तुळांचं अख्खं पुस्तकच काढलं होतं. बॉलपेनची शाई तेलकट, ती पाण्याला दाद देत नाही. म्हणून कार्डाच्या आतला मजकूर मात्र बॉलपेननेच लिहायचा, हा सरांचा नियम.

एवढं सगळं झाल्यावर हाताशी काय असायचं? रंगलेल्या कागदांचा ढीग, आणि त्यातला बराचसा पसारा. मेळाव्याचा माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग इथून पुढे सुरू व्हायचा. बाई जाड कागदाच्या काटकोनात कापलेल्या दोन पट्ट्या हातात द्यायच्या. त्या एकमेकींवर ठेवून लहानमोठी चौकट करायची आणि कागदावरून सरकवत राहायचं. अख्खा कागद गढूळ दिसला तरी कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा असा निघायचा की बघत राहावं. तेवढाच कापून कार्डावर चिकटवायचा. ज्याला सरळ रेघ येत नाही त्याचा डोळा इथे कधीकधी वर्गातल्या चित्रकारापेक्षा तल्लख ठरायचा. उरलेल्या पट्ट्यांची पुस्तकखूण व्हायची, रुंद तुकडे पाकिटाच्या आतून लागायचे. कार्डशीट दुमडण्याआधी ते हलकेच वाकवून बघायचं. ज्या बाजूने कमी अडतं तिकडे तंतू, घडी त्याच दिशेने. रिकाम्या रिफिलने पट्टीच्या कडेने रेघ ओढली की घडी तडकत नाही.

मध्ये एका वर्षी मेळाव्याची स्पर्धा केली आणि तयार स्टिकर, चमकी, छापील चौकटी आल्या. बक्षीस म्हटल्यावर सगळ्यांनी घरून पेन्सिल आणली आणि सगळी कार्डं सारखी दिसू लागली. बाईंनी पुढच्या वर्षी खोकं पुन्हा दारात मांडलं.

हल्ली आम्ही जुन्या विद्यार्थिनी मदतीला जातो. तैलरंगाच्या ट्रेशेजारी आता दाढीच्या फेसाचा ट्रे असतो. फेसावर रंगाचे थेंब, काडीने रेघा, कागद दाबायचा, उचलायचा आणि फेस पट्टीने खरवडून टाकायचा. रंग कागदात मुरलेला असतो. टर्पेंटाइनचा वास नाही, लहान मुलांना सोयीचं, हे मला मान्य. पण नक्षीला पाण्यावरची धार येत नाही. यावरून आमच्यात दरवर्षी वाद होतो आणि तेवढ्यात मुलं फेसाचा ट्रे रिकामा करतात. पुढच्या खेपेला वरच्या वर्गांना चकचकीत कागदावर अल्कोहोल इंक, म्हणजे पाण्याऐवजी अल्कोहोलमध्ये केलेली शाई, हवी आहे. तिची वाफ खोलीत कोंडू नये म्हणून खिडकीजवळचं टेबल मी आत्ताच मागून ठेवलंय, आणि त्यावर तैलरंगवाल्यांचाही डोळा आहे.