सीन नदी बंद होती तो दिवस

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर माझ्या टूरमधली चौतीस डोकी मोजून झाली आणि फोन वाजला. पलीकडे पॅरिसचा आमचा कोच ड्रायव्हर. पहाटे फ्रान्समध्ये हायस्पीड रेल्वेच्या मार्गांवर तीन ठिकाणी सिग्नलच्या केबल जाळल्या होत्या. त्यातलं एक ठिकाण अरासजवळ, म्हणजे नेमकं आमच्या वाटेवर. तारीख होती २६ जुलै २०२४. संध्याकाळी साडेसातला पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन.

त्या दिवशी लंडन-पॅरिसच्या साधारण चारातली एक गाडी रद्द झाली. आमची वाचली, पण ती फ्रान्समध्ये जुन्या मार्गाने जाणार होती. दीड तासाचा उशीर धरून चालायचं.

उशिराचं मला फारसं काही वाटलं नाही. पोटात गोळा होता तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या दिवशीच्या छापील प्रोग्रॅममध्ये ‘आयफेल टॉवर आणि सीन नदीत क्रूझ’ असं होतं. मार्चमध्येच मी ऑफिसला सांगितलं होतं, की यंदा उद्घाटन स्टेडियममध्ये नाही, नदीवर आहे. ऑस्टरलिट्झ पुलापासून सहा किलोमीटरची मिरवणूक, ८५ बोटी, ६,८०० खेळाडू. १८ जुलैपासून दोन्ही काठांवर लोखंडी जाळ्या लागणार, क्यूआर कोडशिवाय आत पाऊल टाकता येणार नाही. २६ तारखेला दुपारी एकनंतर तिकीट नसलेल्या पर्यटकांना प्रवेश नाही. आयफेल बंद, लूव्र संग्रहालय बंद. उत्तर आलं, “तिथे गेल्यावर बघू.” हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे काढून आलेली माणसं असतात. तारीख पुढेमागे करता येत होती. ते जमत नव्हतं, तर निदान पैसे भरून घेताना सांगता येत होतं.

गाडी समुद्राखालच्या बोगद्यातून बाहेर पडली तशी मी उठले आणि एकेका सीटपाशी जाऊन सांगायला सुरुवात केली. सगळ्यांना एकदम सांगितलं की कुणाचंच नीट ऐकून घेता येत नाही, म्हणून मी असं करते. आज आयफेल नाही, क्रूझ नाही. उद्या काय जमेल ते उद्या सकाळी सांगेन, आत्ता शब्द देत नाही. काहींनी नुसती मान हलवली. एका ताईंचे डोळे भरून आले. कोल्हापूरचे एक निवृत्त शिक्षक होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते खूप चिडले. “मॅडम, तुम्हाला आज कळलं का हे?” मी म्हटलं, “नाही काका, मार्चपासून माहीत होतं.” त्यावर ते खिडकीकडे वळले, ते पॅरिसचं गार दू नोर स्टेशन येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा राग रास्त होता.

स्टेशनात तीन वाजले. बॅगा कोचमध्ये चढवल्या आणि मनात ठरवलेलं बोलून टाकलं: मोंमार्त्र. टेकडी स्टेशनपासून जवळ आणि जाळ्यांच्या पूर्ण बाहेर. कोचला वर जायला बंदी, म्हणून पायथ्यापासून केबलवर चढणारी फ्युनिक्युलर घ्यायची. तिला मेट्रोचंच तिकीट चालतं. तोवर २.१५ युरोचं असलेलं ते तिकीट ऑलिम्पिकमुळे ४ युरो झालेलं. चौतीस जणांचे १३६ युरो मी हातखर्चातून काढले. काकांच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या झेपल्या नसत्या.

वर साक्रे-कर बॅसिलिका. समोरच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की सगळं पॅरिस पायाशी दिसतं, फक्त आयफेल दिसत नाही. त्यासाठी उजव्या हाताला थोडं चालत जावं लागतं. तिथे झाडांच्या फटीतून तो दिसला, करडा, टोकाशी ढग घासत असलेला. एका काकूंनी डोक्यावरची प्लॅस्टिकची पिशवी काढली, फोनची काच साडीच्या पदराने पुसली आणि फोटो काढला. मग पुन्हा पुसली आणि पुन्हा काढला. अकरा फोटो झाले. आम्ही सगळे थांबलो. घाई करावी असं मला वाटलं नाही.

आमचं हॉटेल विमानतळाजवळ होतं. तिथे एरवी रात्री उशिरापर्यंत डोक्यावरून विमानं जात असतात. त्या दिवशी साडेसहानंतर पॅरिसभोवतीच्या दीडशे किलोमीटरच्या परिघातलं आकाश मध्यरात्रीपर्यंत बंद होतं. कोचमधून उतरलो आणि सगळेच वर बघू लागलो. पाऊस लागला होता आणि त्याच्याशिवाय दुसरा आवाजच नव्हता. शहरात ४५,००० पोलीस होते, हे आम्ही वाटेत बोलत होतो, पण त्या दिवसाचं वजन मला जाणवलं ते त्या मुक्या आकाशाखाली.

पॅक डिनर उघडून सगळे लॉबीतल्या टीव्हीसमोर बसले. भारताची बोट आली. पी. व्ही. सिंधू आणि शरथ कमल तिरंगा घेऊन पुढे, वरून धो धो पाऊस. काका पहिल्यांदा बोलले, पण माझ्याशी नाही, शेजारच्या मुलाशी. “खाशाबा जाधव आमच्या राजाराम कॉलेजचा. बावन्न साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. ब्राँझ आणलं पठ्ठ्याने.” तो मुलगा भात खायचा थांबला होता.

दुसऱ्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाऊस होता, जाळ्या निघत होत्या, जमलं तेवढं बघितलं आणि पुढे निघालो.

१ ऑगस्टला सकाळी आम्ही कोचमध्ये होतो. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल सुरू होती, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे त्यात होता. नेट जात-येत होतं. काका पहिल्या सीटवर फोन कानाशी धरून घरच्यांकडून एकेक आकडा ऐकत होते. मी माईकवर पुढच्या थांब्याची माहिती देत होते. ४५१.४ गुण, तिसरा नंबर.

काका उठले, सीटचा दांडा धरून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “मॅडम, माईक द्या जरा.”