आमची वाटचाल : गुरुवारची सुट्टी आणि घरचा रविवार

भोसरी एमआयडीसीत ज्यांचा गाळा आहे त्यांना सांगायला नको, आपली सुट्टी गुरुवारची. विजेचा लोड वाटला जावा म्हणून प्रत्येक पट्ट्याला वेगळा वार दिलेला, आपल्याला गुरुवार, कोल्हापूरवाल्यांना सोमवार. विजेसाठी ठीक आहे, पण पोरांची शाळा, लग्नं, बारशी, पाहुणे सगळं रविवारी आणि आपण रविवारी हातात मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापाचं यंत्र, घेऊन उभे. माझी मिसेस शाळेत शिक्षिका. लग्न ठरतानाच तिने सरळ विचारलं होतं, "मग आपण दोघं एकत्र घरी असणार कधी?" मी शब्द दिला की रविवारी मी घरी. गाळा चालू राहील, सिनियर ऑपरेटर बघेल, पण मी घरी. तो शब्द पाळून धंदा केला हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण त्याची किंमत आम्ही मोजलीये.

सुरुवात एका सेकंडहँड एचएमटी एलबी-१७ लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या मशीनवर, झाली, मी आणि माझा आयटीआयचा मित्र, फिफ्टी-फिफ्टी पार्टनर. मशीन घेताना लोक रंग बघतात, आम्ही बेड बघितला, म्हणजे ज्यावर सगळं सरकतं तो खालचा पाया. जॉब पकडणाऱ्या चकजवळ बेड घासलेला असतोच, म्हणून टूल धरणारं कॅरेज दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉकपर्यंत फिरवून बघायचं कुठे घट्ट होतं, आडव्या सरकणाऱ्या क्रॉसस्लाइडचा बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा, डायल लावून मोजायचा, आणि टेस्ट बार लावून टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळतेपणा, किती येतो ते बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. पार्टनरचा कान असा की टूलची धार गेली की तो पाठमोरा असला तरी आवाजावरून सांगायचा. त्या मशीनवर आम्ही एन-एट पोलादाचे शाफ्ट काढले ते आजही कुणी बेअरिंग बसते त्या जागी मायक्रोमीटर लावून बघावेत. ती लेथ मी विकलेली नाही आणि विकणारही नाही.

आता मुख्य गोष्ट. आमचं बहुतेक काम एका मोठ्या कंपनीचं होतं, नाव घेत नाही. बुश आणि स्पेसर असे छोटे गोल पार्ट, महिन्याला किती माल द्यायचा ते शेड्यूल ठरलेलं, माल कधी लेट नाही. तिथे नवीन परचेसवाले साहेब आले आणि म्हणायला लागले की रविवारी आमची लाइन चालू असते, मालक स्वतः गाळ्यावर पाहिजे, फोनवर नाही चालणार. मी म्हटलं साहेब, माल वेळेत मिळतोय ना, रिजेक्शन आहे का, मग मी कुठे बसतो याच्याशी तुम्हाला काय करायचंय. ते त्यांना लागलं. आणि आमच्या मागच्या लेनमधला एक जण, ज्याला मी स्वतः माझा गो-नोगो गेज, म्हणजे माप बरोबर की चूक ते तपासायचं साधन, वापरायला दिला होता, तो त्यांना जाऊन सांगतो की हे फॅमिलीवाले लोक आहेत, यांना धंदा वाढवायचा नाही, मी चोवीस तास हजर आहे. दोन ड्रॉइंग, म्हणजे दोन पार्टची कामं, त्याच्याकडे गेली, माझ्यापेक्षा कमी रेटने. कमी रेट कसा परवडला ते मला माहितीये, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, न बघता माल काढला की सगळंच परवडतं!

तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण २००८ला लेहमन ब्रदर्स बुडाली, ऑटोला मंदी आली आणि शेड्यूल झिरो झालं. तयार माल गाळ्यात पडून, जुनं पेमेंट अडकलेलं, आणि वर एका लॉटची डेबिट नोट, म्हणजे माल खराब म्हणून पैसे कापल्याचा कागद, जो लॉट त्यांच्याच इन्स्पेक्टरने सही-शिक्क्यानिशी पास केला होता! बँकेचा हप्ता थांबत नाही. पार्टनरच्या घरी आजारपण, त्याला पगाराची नोकरी हवी होती, तो निघाला. भांडण नाही, त्याचा हिस्सा मी हप्त्याने पूर्ण दिला. त्या काळात घर चाललं ते मिसेसच्या पगारावर, आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर डिलिव्हरी चलन, बिलं, व्हॅटचे रिटर्न तीच बघायची. लोक म्हणायचे, बघा, रविवार धरून बसला आणि धंदा गेला. अरे, मंदी काय माझ्या रविवारने आणली? जे सातही दिवस गाळ्यावर बसले त्यांचंही शेड्यूल झिरोच होतं.

तेव्हा उभं राहिलं कोण, तर सासवडकडचे अण्णा. ते रसवंतीचे चरक बनवतात. कानिफनाथ रसवंती आपण गावोगाव बघतो, त्यातल्या किती मालकांची मुळं बोपगावकडची आहेत हे त्या भागातल्या माणसाला विचारा. अण्णांना डिसेंबर-जानेवारीत माल लागतो, कारण उन्हाळ्याच्या आत चरक ठेल्यावर पोचला पाहिजे. रोलर, शाफ्ट, गिअरचे ब्लँक, सगळं आमच्याकडे. माल उतरवतानाच पैसे रोख, उधारीची भाषा नाही. त्या मंदीत त्यांनी पुढच्या सीझनचा ॲडव्हान्स आधीच आणून दिला आणि म्हणाले, "मास्तरीणबाईंना सांगा, हप्ता भरून टाका." रविवारी त्यांचा फोन कधी आला नाही. आला तो एकदाच, माझ्या मुलीच्या दहावीच्या निकालाचं विचारायला.

नंतरची वर्षं बरी गेली. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं, दुसरा गाळा आला.

नवीन पोरं विचारत नाहीत तरी सांगतो. घरात चिडचिड होते ती बऱ्याच वेळा वेळ कमी पडतो म्हणून नाही, पेमेंट अडकतं म्हणून. माणूस घरी बसलेला असतो पण डोकं चेकमध्ये. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा आणि बिलावर तो नंबर छापा. छोट्या उद्योगांसाठीचा २००६चा एमएसएमईडी कायदा आहे, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर क्रेडिट नाही, करार नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. २०२४ पासून इन्कम टॅक्सलाही ते जोडलंय, आपल्यासारख्या छोट्यांचं पेमेंट मुदतीत दिलं नाही तर त्या खर्चाची वजावट कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. चलनावर माल मिळाल्याची तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. आणि गाळ्यात एक तरी माणूस असा तयार करा जो तुमच्याशिवाय पहिला पीस पास करू शकेल, त्याला पगार जास्त द्या, तो तुमचा रविवार आहे.

मागच्या लेनवाले अजूनही चार लोकांत म्हणतात की याला प्रेशर झेपलं नाही. त्या लॉटचा इन्स्पेक्शन रिपोर्ट, सही आणि शिक्क्यासकट, माझ्या कपाटात आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन बघावा, चहा आमच्याकडून.